दिव्यावरची टिकली
अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास आला की मला आमची जुनी गाडी आठवते. धुरावर नजर ठेवून इंजिनाला पेट्रोलचा अंदाज देणारा तिचा ऑक्सिजन सेन्सर गेला होता. डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळत राहायचा आणि आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावहून गोंदियाला पोचेस्तोवर त्या वासाने बायकोचं डोकं चढायचं. कंपनीचा सेन्सर मिळणं बंद झालं होतं, आणि बाहेरचा एक बसवला तो महिनाभरही टिकला नाही. एका दुपारी मी गोंदियात स्पेअर पार्टच्या दुकानात शिरलो, बायको गाडीतच बसली. राईस मिलचा कोंडा हवेत उडत होता. दुकानदाराने माझ्यासमोर सेन्सरचे दोन डबे ठेवले. "ये सीधा लग जाएगा, पर गारंटी नहीं. वो अच्छा है, लेकिन वायर काटके जोडना पडेगा." मी एक उचलायचो, ठेवायचो, दुसरा उचलायचो. शेवटी बायकोच आत आली. "काऊन एवढा इचार करून राह्यले? गाडी थकली, तुमी थकले, मीबी थकली. घ्या कोनताबी." मी वायर जोडायचा घेतला. दुकानाशेजारच्या मेकॅनिकने तो बसवला आणि दिवा विझला. परतताना मात्र माझी नजर रस्त्यावर कमी आणि त्या दिव्याच्या जागेवरच जास्त. बायकोने कपाळावरची मोठी मरून टिकली काढली आणि डॅशबोर्डच्या काचेवर नेमकी त्या दिव्यावर चिकटवली. "आता समोर पाहा जी." त्यानंतर कितीतरी वर्षं ती गाडी चालवली. टिकलीखाली दिवा पुन्हा लागला का, मी कधी पाहिलं नाही. गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाने टिकलीला नख लावलं, तेव्हाही मी दुसरीकडेच बघत होतो.