पुन्हा विचारू नये

मुलांनो, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तू खरंच एआयसाठी पुस्तक लिहिलंस?" आणि मी तुमच्या परीक्षेचा विषय काढला. उत्तर टाळलं ते आठवडाभर टोचतंय, म्हणून लिहून पाठवते.

पुस्तक नव्हे, वीसेक पानी सूचना. एका संस्थेने तलासरीकडच्या पाड्यांतल्या गरोदर बायकांसाठी आहार नोंदवायचं साधन बनवलं. बायकांना रोज फोन जातो. पलीकडे माणूस नसतो, एआय एजंट असतो. तो मराठीत विचारतो आणि काय खाल्लं ते नोंदवतो. आहार कमी पडतोय असं दिसलं की घरी शेंगदाण्याच्या लाडवांचं पाकीट जातं. साधन कधी, कसं वापरायचं हे त्या एजंटला वाचायला कुणीतरी नीटस इंग्रजीत लिहून द्यायला हवं होतं. डहाणूच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेली मी रिकामीच होते.

काम मला फार आवडलं. एजंट लिहिलं तेवढंच करतो, म्हणून प्रत्येक शब्द तोलावा लागे. चौदाव्या पानावर मी लिहिलं: "'जेवले' असं उत्तर आल्यास पूर्ण जेवण नोंदवावं. पुन्हा विचारू नये. दुसऱ्यांदा विचारण्याने समोरच्या व्यक्तीचा मान दुखावतो." या ओळीचं संस्थेत कौतुक झालं. मलाही ती आवडली होती.

आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी गंजाडच्या. त्यांची लेक तलासरीजवळच्या पाड्यात दिलेली, तिला सातवा महिना होता. एके दिवशी पोळ्या लाटता लाटता मावशी म्हणाल्या, "बाई, तुमचा फोनवाला लय गोड बोलतो. पण पाकीट बंद केलंन."

"का?"

"पोरगी पोटभर जेवते म्हणं. मीच तिची आई, मला नाय दिसत ती पोटभर जेवलेली!"

दुसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी धरली, चहासुद्धा न घेता. पाड्यावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मावशींच्या लेकीची काटकुळी मनगटं पाहिली आणि मला काही विचारावंसं वाटेना. तिच्या सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "बाई, जेवलात?"

"हो हो, जेवूनच निघाले."

तोंडातून आपोआप गेलं. चुलीवर पेजेचं एकच पातेलं होतं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी त्यातलं मला वाढलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण सगळ्यांना तो आवाज ऐकायला आवडतो. "नमस्कार ताई, जेवलात का?"

मुलीने सासूकडे पाहिलं. "जेवले."

"छान! नोंद केली." फोन बंद.

"बाई, याला बोलवा एकदा जेवायला," सासूबाई हसल्या. "रोज विचारतो, येत कधी नाय!"

मी मुलीला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, नाही जेवले असं सांग त्याला."

"सासूसमोर, आजी? घरात खायला देत नायत असं होईल ना."

घरी येऊन मी संस्थेला कळवलं की चौदाव्या पानावरची ओळ चुकली, बदला. उत्तर आलं: सूचना आता मंजूर झाल्या आहेत, बदल हवा असल्यास फॉर्म भरावा. फॉर्म भरला. त्याला उत्तर द्यायलाही माझ्याच सूचना वाचलेला एजंट होता. त्याने नम्रपणे लिहिलं की दुसऱ्यांदा विचारण्याने समोरच्या व्यक्तीचा मान दुखावतो, म्हणून हा बदल करता येत नाही. माझाच शब्द न् शब्द. मी पुन्हा लिहिलं, उदाहरणं दिली. पुन्हा तेच उत्तर. मी पाचदा माझ्याशीच भांडले, आणि पलीकडची मी जास्त शांत होते. सूचना लिहिताना मी एजंटला कुठे कुठे अडवायचं ते नीट बघितलं होतं. माणसाला आत शिरायला फट ठेवायचं सुचलं नव्हतं.

शेवटी मावशी लेकीला माहेरी गंजाडला घेऊन आल्या. मी रोज त्यांच्याबरोबर डबा पाठवू लागले. फोन तिथेही येत असे. आईसमोर तरी ती खरं बोलेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "जेवले." आईला वाईट वाटू नये म्हणून.

तिला मुलगी झाली. वजन कमी भरलं, दवाखान्यात बरेच दिवस राहावं लागलं. आता दोघी घरी आहेत, बाळ दूध ओढतं. चौदाव्या पानावरची ओळ अजून आहे तशीच आहे, आणि इतर पाड्यांवर रोज फोन जातो.