पट्टीश्वरमच्या वाटेवरचा माळ

आधीच सांगून टाकतो, मी दातांचा डॉक्टर आहे. कुंभकोणमला माझं क्लिनिक आहे. दुखतं तिथे कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, हा माझा रोजचा अनुभव. घरात कुणी कुणाची दृष्ट काढायला लागलं की मी उठून व्हरांड्यात जाऊन बसतो. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त विषय बदलतो. त्यामुळे आज मीच असं काही लिहायला बसलोय याचं मला थोडं ओशाळं वाटतंय... पण सरोजा, माझी बायको, म्हणाली, जसं झालं तसं लिहा, सजवू नका. तसंच लिहितो.

आम्ही तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्या इथेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यामुळे माझी भाषा कुठे कुठे जुनी वाटली तर सांभाळून घ्या.

आमची एकुलती एक मुलगी, यमुना. ती सोलापूर जिल्ह्यातल्या एका माळावर गवताचा अभ्यास करते. कुठलं गवत कुठे उगवतं, चराई थांबवली की काय परत येतं, जमिनीवर घरटी करणारे पक्षी कुठे टिकतात – असलं काम. आमच्याकडे हे समजावून सांगणं अवघड. इथे माती दिसली की भात, नाहीतर केळी, नाहीतर उडीद. रिकामी जमीन म्हणजे कुणीतरी आळस केला, एवढंच आम्हाला कळतं. यमुना सुट्टीत आली की सांगायची, "अप्पा, झाडं नाहीत म्हणून तो उजाड नव्हे. गवत हेंच तिथलं रान." लोक चांगल्या मनानं तिथे खड्डे खणून झाडं लावतात आणि माळावरचे पक्षी निघून जातात, असंही सांगायची. मी हूं हूं करायचो. त्या बाजूला मी कधी गेलो नव्हतो. तिनं पाठवलेले फोटोसुद्धा बोटानं पुढे सरकवायचो.

ही गोष्ट गेल्या मे महिन्यातली. दुपारी क्लिनिक बंद असतं. पट्टीश्वरमला माझे एक म्हातारे पेशंट आहेत, त्यांची कवळी टोचत होती आणि त्यांना येववत नव्हतं, म्हणून मीच गेलो. काम झालं. परतताना गावाबाहेर स्कूटर पंक्चर. दुकानदार जेवायला गेलेला. मी स्कूटर तिथेच लावली आणि शेताच्या बांधावरून थोडं आत, सावलीकडे चालत गेलो. एका बाजूला केळी, दुसरीकडे उडदाचं रान. पंपसेट चालू होता आणि पाटातून बोअरचं पाणी झुळझुळत होतं. हेल्मेट माझ्या हातात होतं. मी उभा होतो, बसलोसुद्धा नव्हतो – हे मुद्दाम सांगतो, कारण डुलकी लागली असेल असं पुष्कळांनी सुचवलंय.

आधी पंपाचा आवाज थांबला. लाईट गेली असेल असं वाटलं. मग पाण्याचाही आवाज नाही. आणि वारा आला – आमच्याकडे मे महिन्यात असा वारा नसतो. कोरडा, हलका, भाजलेल्या धान्यासारखा वास असलेला.

मी मान वळवली तर केळी नव्हती.

गवत होतं. कमरेपर्यंत, दूरवर, नजर पोचेल तिथवर. सोनेरी म्हणावं तर त्यात तांबूस झाक, आणि वारा फिरला की सगळं एकदम रुपेरी व्हायचं. टोकाचे तुरे एकमेकांत पीळ घालून गुंतलेले. एक लहानसा पक्षी गवतातून सरळ वर चढला, गात गात, आणि आकाशात एका जागी थरथरत राहिला. लांबवर चारपाच हरणं उभी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली तोंड घातलं. मी तिथे असणं त्यांना नवं नव्हतं जणू.

भीती वाटली नाही. हे मला आजही चमत्कारिक वाटतं. उलट इतकं शांत मला लहानपणानंतर वाटलं नसेल.

समोर एक उतार. तिथे दगड रचून केलेला मेंढरांचा गोल वाडगा, एका अंगानं ढासळलेला. पलीकडे तीन झाडं एका ओळीत, तिन्ही एकाच दिशेला कललेली. आणि त्या दगडांना टेकून यमुना बसलेली. एक पाय लांब केलेला, डोळे मिटलेले. तोंडावर हसू असावं तसं काहीतरी. मी हाक मारली, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुढे जायला पाऊल उचललं... आणि पंप धडधडू लागला. केळी, उडीद, पाट. सगळं जागच्या जागी.

मी लगेच यमुनाला फोन लावला. रेंज नाही. माळावर असली की नसतेच, त्यात नवीन काही नव्हतं. एरवी मी फोन खिशात टाकला असता. पण त्या दिवशी तसं करवेना. मी तिच्याबरोबर काम करणाऱ्या विद्याला फोन केला. ती म्हणाली, यमुना सकाळीच पश्चिमेकडच्या प्लॉटवर गेलीय, काळजी करू नका काका, येईल जेवायला.

मी विचारलं, "तिकडे दगडांचा पडका वाडगा आहे का? आणि ओळीनं तीन झाडं, वाकलेली?"

विद्या म्हणाली, "ते दक्षिणेला आहे काका. तिकडे आमचं काहीच काम नसतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी एवढंच म्हणालो की तिथे जा, आत्ता जा, माझ्यासाठी जा. ती गेली. बिचारीनं पुढे काही विचारलं नाही.

यमुना तिथेच होती. धाविक नावाचा एक पक्षी असतो, तो पिल्लांना घेऊन चालला होता, त्याच्यामागे ही हळूहळू दक्षिणेला गेली. एका बिळात पाय गेला आणि घोटा मोडला. फोन लागेना, बाटलीतलं पाणी संपलं, डोक्यावर मे महिन्याचं ऊन. सरपटत कशीबशी त्या दगडांच्या तुटक्या सावलीला पोचली आणि मग तिला शुद्ध राहिली नाही. उशीर झाला असता तर, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं आणि वाक्य अर्धंच सोडलं.

आम्ही दोघं पोचलो तेव्हा तिच्या पायाला प्लास्टर होतं आणि ती आईवर रागावत होती, म्हणजे बरी होती. दुसऱ्या दिवशी मी विद्याला म्हटलं, मला ती जागा दाखव. वाडगा तोच. ढासळलेली बाजूही तीच. झाडं तीन, हिवराची, तशीच वाकलेली. पण गवत नव्हतं. मुरूम, दगड, आणि चरून चरून जमिनीलगत उरलेले खुंट. विद्या म्हणाली, इथे सगळ्या गावांची गुरं येतात, ती आल्यापासून तिनं इथे घोट्याच्या वर गवत पाहिलेलं नाही.

संध्याकाळी मी जे दिसलं ते यमुनाला सांगितलं, कुठे दिसलं ते सोडून, आणि तिनं माझी उलटतपासणी घेतली. तुरे कसे होते, रंग कसा, वारा आल्यावर काय व्हायचं. मी सांगत गेलो. ती म्हणाली की पीळ घातलेले तुरे म्हणजे कुसळी, तांबूस दिसलं ते दुसरं, आणि ही गवतं एकत्र, एवढी उंच, चराई बरीच वर्षं थांबवली तरच होतील. तिनं मला पाठवलेले सगळे फोटो आम्ही दोघांनी बसून पाहिले. ती जागा एकाही फोटोत नव्हती.

मग तिनं फोन बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाली, "अप्पा, मला तहान आठवतच नाही."

मी म्हटलं, शुद्ध नव्हती तुला.

"तें नव्हे. मी पट्टीश्वरमला होतें. केळींत. पाटांत पाय सोडून बसलें होतें, पाणी गार होतें. पंप वाजत होता." मग म्हणाली, "कुणीं हाक मारली असें वाटलें. मी वळून पाहिलें तर विद्या."

मी पट्टीश्वरमला गेलो होतो हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सरोजालाही ठाऊक नव्हतं. सरोजा कॉफी करायला उठली.

यमुना आता नीट चालते. तिनं गावकऱ्यांशी बोलून वाडग्याभोवतीचा तुकडा चराईपासून राखायला घेतलाय. पावसाळ्यानंतर गवत वर येऊ लागलंय म्हणे, दिवाळीनंतर बघायला या असं ती दर फोनवर सांगते. सरोजा जाणार आहे. मी क्लिनिकचं कारण पुढे करतो. घाबरलोय असं नाही... पण ते गवत मी एकदा पाहिलंय. तिथे जाऊन उभा राहिलो आणि ते हुबेहूब तसंच निघालं, तर त्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.