आज घेतली नाही

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर इस्त्रीवाली राहते. तिचा धाकटा भाऊ लाकडाला पॉलिश करतो. मुलांनी त्याचं नाव चकाचक ठेवलं आहे. त्याच्या दारूपायी बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली, तेव्हा बहिणीने त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घातलं आणि सुटल्यावर स्वतःच्या खोलीत आणून ठेवलं. या सणाच्या सुट्टीत मुलगी त्याच्याकडे राहायला यायची होती. बायकोची अट एकच: नणंदेने फोन करून सांगायचं, की तो पीत नाही.

म्हणून रोज संध्याकाळी इस्त्रीवाली त्याचं तोंड हुंगायची.

"आ कर."

"ताई, दाढ दाखवायला आलोय का मी?"

"आ कर म्हणते ना!"

जिन्यावरून जाणारे हसायचे. तोही हसायचा.

सण जवळ आला, की प्रत्येकाला आपलं जुनं फर्निचर डोळ्यांत खुपायला लागतं. त्याची कमाई याच दिवसांतली. पण पॉलिशची लाख विरघळते स्पिरिटमध्ये. "दारू सोडली बाई, पण तिच्या चुलतबहिणीशी रोज गाठ पडते," असं तो म्हणायचा. शक्य तिथे तो डब्यातलं तयार वार्निश मारून मोकळा व्हायचा. माझ्या यजमानांच्या लिहायच्या टेबलाला मात्र वार्निश लावायला त्याने स्वतःच नकार दिला. "या लाकडाला रेनकोट नाही घालायचा. याला लाखच हवी."

फोन करायचा त्याच दिवशी टेबलावर शेवटचा हात फिरवायचा होता. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून त्याने दार-खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला. कापडात गुंडाळलेला कापसाचा बोळा तो दिवसभर गोल गोल फिरवत राहिला. मी दाराशी ठेवलेला चहा तसाच निवला. संध्याकाळी बाहेर आला, तेव्हा डोळे लाल झाले होते आणि पाय लटपटत होते. स्पिरिटची वाफ डोक्यात गेली होती.

"जरा वारा खातो," एवढंच म्हणाला आणि कठडा धरून खाली उतरला.

थोड्याच वेळात आरडाओरडा ऐकू आला. मी खाली गेले. इस्त्रीवालीने त्याची कॉलर धरली होती. कपड्यांना, केसांना, श्वासाला, सगळीकडे तोच वास.

"पुन्हा ढोसलीस? आणि तेही स्पिरिट! मरायचंय का रे तुला?"



"अगं, सकाळपासून माझ्या घरात होता तो," मी म्हणाले. "खोली बंद होती. वाफ चढली आहे."

"बंद खोलीत काय करत होता, ते पाहिलंत तुम्ही?"

पाहिलं नव्हतं. मी त्याच्याकडे वळले. "तू तरी बोल ना!"

"काय बोलू, बाई? 'आज घेतली नाही' हे मी पिऊन आलो, की रोज सांगायचो. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचो. खरं सांगायला आता वेगळे शब्द कुठून आणू?"

इस्त्रीवालीने तो पुन्हा प्यायल्याचं सांगायला फोन केला. रडत केला, पण केला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बायकोशी बोलून पाहिलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काकू, याआधीही अशीच भली माणसं त्याच्या बाजूने बोलायची," ती म्हणाली. मुलगी आली नाही.

सणाच्या सकाळी समोरच्या गच्चीवर गाणी लागली, बाटल्याही उघडल्या. बेल वाजली म्हणून मी दार उघडलं, तर हा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून उभा.

"टेबल झालंय ना रे?"

"झालंय. दुसरं काही असेल तर द्या. पैसे नकोत. ताई बोलत नाही माझ्याशी. पोरीची सुट्टी तर कालच सुरू झाली आहे, अजून सगळे दिवस जायचेत. नुसता बसलो, तर पाय कुठे नेतील, माझा मलाच भरवसा नाही."

"स्पिरिट नको पण."

"नाही. नुसतं घासतो."

घरात घासण्याजोगं काही उरलं नव्हतं. मी बैठकीतली एक खुर्ची पुढे सरकवली. तिचं पॉलिश अगदी उत्तम होतं. त्याने एकदा बोट फिरवून पाहिलं. मग खिडकी सताड उघडली, खाली मांडी घातली, खुर्ची आडवी केली आणि पॉलिश पेपरने तिचा पहिला पाय घासून कोरा करायला लागला.