अक्कांनी धुतलेली बाटली

मानवतहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी पाण्याचे ग्लास घासत होते. "मामी, आई गेली..." एवढंच बोलला. मी आधी हातातला ग्लास उजेडात धरून डाग राहिलाय का ते बघितलं आणि मग खाली बसले. बघा, जाता जाताही बाईंनी मला सोडलं नाही! अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. महिना झाला, जो तो येतो आणि त्यांच्या टापटिपीचं कौतुक करून जातो. करा बापडे. मला नाही करवत.

लग्न होऊन मी परभणीला या घरात आले तेव्हापासून एकच प्रकार. अक्का माहेरी आल्या की पाण्याचा ग्लास खिडकीकडे धरायच्या, डोळा बारीक करायच्या आणि न पिताच परत द्यायच्या. "सुनंदा, घासलाय का नुसता बुचकळलाय?" तेही चार पाहुण्यांसमोर! शाळेत मास्तरीण होत्या, पोरांची नखं तपासायच्या; सुट्टीत इथं येऊन माझी तपासायच्या. आमचं कधी पटलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात अशाच राहायला आल्या. त्यांच्या पाठोपाठ मी न्हाणीत गेले, तर फरशीवर लाल थेंब. अक्कांच्या हातून डाग राहिला म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "उन्हाळी लागलीय गं. सब्जा घ्यायलेय मी." आग होते का? नाही. दुखतं? नाही. मग न दुखता रक्त जातं ती कसली आली उन्हाळी! भांडून भांडून डॉक्टरकडे नेलं. मूत्राशयात कॅन्सरची गाठ असली तर तिच्या पेशी लघवीतून बाहेर पडतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधू, असं डॉक्टरांनी समजावलं आणि तीन दिवस रोज एक ताजी बाटली द्यायला सांगितली.

पहिल्या दिवशी बघते तर बाटली न्हाणीच्या खिडकीत पालथी, साबणानं धुतलेली. "आज जमलं न्हाई," म्हणाल्या. पुढचे दोन दिवस मात्र तांब्यावर तांबे पाणी पिऊन बाटल्या भरल्या, उजेडात धरून बघितल्या आणि मगच माझ्या हातात दिल्या. आत पाण्यासारखी नितळ लघवी. रिपोर्टमध्ये वाईट पेशी सापडल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, ही तपासणी कधी कधी चुकते, रक्त गेलंय तर दुर्बीण घालून बघायलाच हवं. अक्का ताडकन उठल्या. "रिपोर्ट साफ हाय ना? मग मला कशाला उघडं करायलेत?" आमचे हे म्हणाले, "अक्काला कळतं सगळं." कळतं म्हणे! ह्यांच्याशी मी अजून धड बोलत नाही. अक्का दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं मानवतला गेल्या, आणि गावभर साफ रिपोर्टचं सांगत फिरल्या.

दिवाळीनंतर रक्ताच्या गुठळ्यांनी लघवीच अडली. आता दुर्बीण घातली, तर गाठ मूत्राशयाच्या भिंतीपार गेलेली... दवाखान्यात नळी लावली होती, कॉटला लाल पिशवी लोंबत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून अक्कांनी मला तिच्यावर टॉवेल टाकायला लावला. मग हळूच म्हणाल्या, "त्या पहिल्या दिवशी असंच लाल आलं होतं. ओतून दिलं. असली घाण कुनाच्या हातात द्यावं का गं?"

"अहो अक्का, घाणच तर तपासायची होती!" मी ओरडलेच. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"हळू बोल," अक्का म्हणाल्या, "लोक बघायलेत."

मला रडू आलं ते रागानंच. अजूनही येतं.

ती बाटली अजून न्हाणीच्या खिडकीत पालथी आहे. हे म्हणतात, टाकून दे. टाकायला म्हणून उचलते आणि उजेडात धरून बघत बसते. एक डाग नाही. अक्का, माझ्या घरात तुम्हाला जन्मभर घाण दिसली. त्या दिवशीची तेवढी एक ठेवली असतीत... मी पदराखाली झाकून नेली असती, कुणाला दिसू दिली नसती.