इंदूवहिनींचं पस्तान

इंदूवहिनी दर दिवाळीत भावाकडे जायच्या आणि त्यांचा प्रवास आमच्या घरातून सुरू व्हायचा. कर्जतला आमच्या समोरच त्यांचं घर, मधे फक्त गल्ली. नवरात्र संपलं की चांगला वार बघून त्या एका खणात मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधायच्या आणि ते गाठोडं आमच्या देवघराच्या कोनाड्यात आणून ठेवायच्या. "ठेवलं बाई पस्तान. आता मी निघाले!" पुढे कित्येक दिवस त्या स्वतःच्याच घरी भाजणी भाजत बसलेल्या असल्या, तरी त्यांच्या लेखी त्या वाटेला लागलेल्या असत. जायच्या दिवशी सामान घेऊन आमच्याकडे यायचं, गाठोडं उचलायचं आणि घरी न वळता थेट स्टेशन गाठायचं, असा तो प्रस्थानाचा रिवाज.

त्यांचं माहेर कुर्डूवाडीचं. आईवडील गेलेले, थोरला भाऊ तेवढा उरलेला, तोही एकटा. नवरा, आमचा बाळूदादा, पिठाची गिरणी चालवायचा. दिवाळीत गिरणीपुढे डब्यांची ही रांग! त्याला हलता यायचं नाही. वहिनी एकट्या जात, पण तयारी अशी की बाई काशीलाच चालल्यात. होल्डॉलचे पट्टे ओढून बघायचे, फिरकीच्या तांब्याचं झाकण तपासायचं, वरच्या पिशवीत काय नि खालच्या पिशवीत काय हे ठरलेलं. "धावत सुटलं की माणसाचं अर्धं चित्त घरीच ऱ्हातं गं," त्या मला सांगायच्या. "प्रवास कसा, पाय सोडून बसल्यावानी झाला पायजे." मी तेव्हा नुकती शाळेत शिकवायला लागले होते आणि प्रत्येक सहलीला काहीतरी विसरत होते. मला त्यांची गंमत वाटायची आणि हेवाही वाटायचा.

खरी करामत मात्र स्टेशनवर. घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिनं जोडायची, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबायच्या. सणासुदीत त्या मुंबईहूनच गच्च भरून यायच्या, दारांना आतून कड्या. बाहेरून कितीही ठोका, आतले ढिम्म. पण कर्जतच्या वड्यांसाठी खिडक्या उघडायच्याच. वहिनी गरम वड्यांचा पुडा घेऊन तयारच असत. खिडकीतल्या एखाद्या बाईच्या हातात तो द्यायचा आणि म्हणायचं, "घ्या ताई, पोरांना द्या. जरा कडी काढा की, भावाकडं चाललेय." कडी निघायची. "आदी वडे आत, मंग मी," हे त्यांचं प्रवासशास्त्र.

एका वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर भावाचा शेजारी मुंबईला जाता जाता मुद्दाम कर्जतला उतरला. भाऊ अंथरुणाला खिळला होता. "इंदी भाऊबीजेला येतीया, तवर मला काय होत न्हाई," असं सगळ्यांना सांगत होता म्हणे. वहिनींनी ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि लक्ष्मीपूजनाचीही वाट न पाहता दुसऱ्या सकाळीच आमच्याकडून गाठोडं उचललं. मी आणि माझे वडील पोचवायला गेलो.

तसली गर्दी मी कधी पाहिली नव्हती. वहिनींनी पुडा आत दिला. एका माणसानं तो घेतला, आतल्या आत वाटला आणि खिडकी खाली ओढली. वहिनी काचेवर टकटक करत राहिल्या. "अवो दादा, उबी ऱ्हाईन मी! भाऊ आजारी हाय माझा!" आतली माणसं वडे खात दुसरीकडे बघत होती. वडील स्टेशन मास्तरांकडे धावले. ते बिचारे म्हणाले, "गाडी थांबवणं माझ्या हातात आहे हो. आतली कडी काढणं नाही." मागून इंजिनांनी रेटा दिला आणि गाडी निघाली. पुढच्या गाडीला तेच, तिच्या पुढच्या गाडीलाही तेच. एस.टी. स्टँडवर तर पाय ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळी त्या परतल्या, पण आमच्याकडे. गाठोडं उचलून निघालेलं माणूस भेट झाल्याशिवाय आपल्या घराचा उंबरा ओलांडत नाही, म्हणाल्या. समोर त्यांच्याच दारात बाळूदादा पणत्या लावत होता, वाकड्यातिकड्या. शेवटी तो आमच्या पायरीवर येऊन बसला.

"अगं, घर समोर हाय तुजं."

"मी निघालेय."

"मंग पावणी म्हनून तरी ये!"

वहिनी हसल्या आणि लगेच रडायला लागल्या. आईनं त्यांना जवळ घेतलं.

पाडवाही तसाच स्टेशनवर गेला. भाऊबीजेला शेवटची आशा सुटली, तेव्हा पश्चिमेला द्वितीयेची बारीक कोर दिसत होती. भाऊ नसलेल्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. आई हळूच म्हणाली, "इंदू, आज चंद्रालाच ओवाळ. भावाला पोचेल."

वहिनींनी झटकन मान वर केली. "का म्हनून? मला भाऊ हाय."

ताट तसंच राहिलं.

गर्दी ओसरल्यावर बाळूदादानं गिरणी बंद ठेवली आणि त्यांना घेऊन गेला. डबा रिकामा होता, पाय सोडून बसायला जागा मिळाली. भाऊ भाऊबीजेच्या रात्रीच गेला होता. परत आल्यावर वहिनींनी गाठोडं माझ्या हातात दिलं. "ठेव तुज्याकडं. पोचलंच नाय ते." मी ते पुन्हा कोनाड्यात ठेवलं. दुसरं काय करणार होते?

पुढच्या दिवाळीला होल्डॉल माळ्यावरून खाली आला नाही. भाऊबीजेला दिवेलागणीच्या वेळी वहिनी निरांजन लावलेलं ताट घेऊन आमच्या अंगणात आल्या आणि गाठोडं मागितलं. गाठ घट्ट बसली होती, मला सुटेना. त्यांनीच दातांनी सोडवली. त्यातले वर्षाचे शिळे तांदूळ अक्षता म्हणून ताटात घेतले आणि चंद्राला ओवाळलं, अगदी सावकाश.

"बरं हाय गं याचं," त्या म्हणाल्या. "याला दार नाय."

उरलेले तांदूळ त्यांनी खणात पुन्हा बांधले आणि गल्ली ओलांडून आपल्या घरी गेल्या.