पलटणीच्या खोलीतले बोंबील

थळच्या पुढे समुद्रकाठी एक जुना कौलारू बंगला आहे. आता त्याचं गेस्टहाउस झालं आहे. व्हरांड्यात बसलं की समोर पाण्यात खांदेरी आणि उंदेरी हे किल्ले दिसतात. मुंबईच्या मालकांनी खोल्यांना जुन्या आरमारातल्या जहाजांची नावं दिली होती. मला ‘गलबत’ मिळाली. किल्ल्यांच्या माहितीचे फलक मी लिहून द्यायचे आणि त्याबदल्यात पंधरा दिवस फुकट राहायचं, असं ठरलं होतं. मे संपत आला होता.

मी चळवळीच्या, पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे एका पातेल्यात भात शिजायचा आणि दुसऱ्यात पत्रकं चिकटवायची खळ. वडील सांगायचे, माणसाचं नाव घाला, गावाचं नाव घाला, नाहीतर ते पत्रक नाही, कुजबुज आहे. असं शिकून आलेली मी, पंख्याखाली बसून शौर्याचे फलक लिहीत होते. लाज वाटत होती. ती कुठेतरी भरून काढायला मी टपलेच होते.

आवाराच्या टोकाला, खडकावर, काँक्रीटची एक बुटकी खोली होती. समुद्राच्या बाजूला भिंतीत हातभर लांब आडवी फट. तिथून सुक्या मासळीचा वास यायचा, म्हणून पाहुणे तिकडे फिरकत नसत. तिसऱ्या दिवशी मी आत डोकावले. साठीची एक कोळीण बोंबील निवडत बसली होती. तिच्यामागे छतापर्यंत गोण्या रचलेल्या होत्या.

“पाय झाडून ये गो बाय, वाळू नको आणू आत.”

ही पलटणीची खोली, तिने सांगितलं. मोठ्या लढाईच्या वेळी गोऱ्या शिपायांनी बांधलेली. तिचा सासरा तेव्हा पोरगा होता, त्यांना पाणी आणून द्यायचा. शिपाई फटीला दुर्बीण लावून दिवसभर बसायचे, शत्रूची बोट येते का बघत.

“आली का कधी?”

“कोन येतंय! आमच्याच होड्या दिसायच्या त्यांना रोज. त्यांनाच सलाम ठोकीत असतील.”

ती एकटी होती. एक जूनपासून होड्या वर ओढल्या की चार महिने अलिबागच्या बाजारात सुकं विकून तिचं घर चालायचं. ते सुकं कोरडं राहायला हवं. तिचं घर अगदी पाण्याला लागून, उधाणाला आत पाणी शिरायचं. खडकावरची ही खोली तेवढी सुकी राहायची. माल तिथे होता म्हणून तिचा पावसाळा निभावत होता.

रविवारी मी पाहिलं, ती पदराखालून एक पुडकं काढून गेस्टहाउसच्या मॅनेजरला देत होती. मॅनेजर शेजारच्याच गावचा, पन्नाशीचा माणूस. त्याने इकडेतिकडे बघून ते पिशवीत टाकलं. मी तिला विचारलं, हे कशाबद्दल?

“कशाबद्दल म्हंजे? त्याला बोंबील आवडतात.”

मला ते पटलं नाही. मला त्यात सरळ वेठ दिसली. खोली सरकारने बांधलेली, राबणारी बाई गावची, आणि वापरायची म्हणून हिने मालकाच्या माणसाला दर आठवड्याला नजराणा द्यायचा! त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. ‘भेट नव्हे, वेठ!’ महायुद्धातली टेहळणीची खोली, शिपायांची दुर्बीण, सासऱ्याने भरलेलं पाणी, सगळं घातलं. तिचं नाव घातलं. तिला विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही. मी तिच्या बाजूची होते, तेवढं मला पुरेसं वाटलं. सकाळी अलिबागला जाऊन छापून घेतलं आणि एसटी स्टँडवर, मासळी बाजारात, थळच्या नाक्यावर चिकटवलं.

कुणीतरी फोटो काढून मालकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी रो-रो बोटीने गाडी घेऊन ते आले. मी भांडायच्या तयारीत उभी होते. ते मात्र खूश होते.

“तुम्ही खजिना शोधून दिलात! मला इतकी वर्षं सांगितलं जात होतं, ती पाण्याची जुनी टाकी आहे, गळकी आहे, आत साप आहेत.”

मॅनेजर खाली बघत होता. तेव्हा मला कळलं की हे साप कुणी आणि कुणासाठी सोडले होते.

दुपारी त्याला कामावरून काढून घरी पाठवलं. जाताना पायरीवर माझ्यापाशी थांबला.

“ताई, तुटकेफुटके बोंबील द्यायची हो ती मला. बाजारात कुणी घेतले नसते असले. त्यावर एवढं छापलंत?”

खोली पाहुण्यांना दाखवायची आहे, दोन दिवसांत रिकामी करा, असा निरोप तिला गेला. मी मालकांशी बोलले, वहिवाट, गावाचा हक्क, सगळं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पत्रकातलं दुर्बिणीचं वाक्य फलकासाठी मागितलं. मी पिशवी भरली, गेस्टहाउस सोडलं आणि तिच्या घरी गेले.

ती चिडेल असं वाटलं होतं. तिने मला आत नेलं आणि भिंतीवरचा मिठाचा पांढरा पट्टा दाखवला. माझ्या गुडघ्याच्याही वर होता.

“इथं ठेवू? माळ्यावर ठेवू? माळ्यावर माझी गोधडीच मावत न्हाय. तू शिकलेली हायेस, तूच सांग कुठं ठेवू.”

मी म्हणाले, कलेक्टर कचेरीत अर्ज देऊ, मी लिहिते.

“दे की. किती दिवस लागतात?”

मी पिशवीतून कागद काढला.

“अमावास्येचं उधान चार दिसांवर हाय,” ती म्हणाली आणि गोण्यांची तोंडं शिवायला बसली.

पत्रकातली एक ओळही खोटी नव्हती. आजही मी त्यातलं काही मागे घेणार नाही. पण त्या आठवड्यात थळमध्ये तिच्या मालाला एकाच माणसाने आसरा दिला होता, आणि तो खोटं बोलून. मी खरं छापून तो घालवला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. चार महिने पुरवून विकायचा माल तिने एका सकाळी देऊन टाकला, तो म्हणेल त्या भावाने. गोण्या उचलायला मी होते. आभाळ भरून आलं होतं. टेम्पो सुरू झाला तशी ती अनवाणी मागे धावली.

“अरे ताडपत्री नीट वढ! त्या कोपऱ्यातून पानी जाईल! भिजला तं कुत्रं खानार न्हाय!”

ड्रायव्हरने हात हलवला. कोपरा उघडाच राहिला. वळणापर्यंत ती ओरडत होती.