साडूंनी न वाचता घेतलेली ओळ

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट नव्यानं केली नाही, आणि याचा त्यांना केवढा अभिमान! "चाललेलं हाय ते उचलावं," ते म्हणायचे, "नवं कराया गेलं की नव्या चुका व्हत्यात." त्यांची सायकल तीन सायकली मिळून झाली होती, ब्रेक मात्र तिघींपैकी एकीनंही दिला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी शेजारच्या टेबलावरचा रजेचा अर्ज जसाच्या तसा उतरवून दिला, नाव तेवढं बदललं. साहेबांनी बोलावलं तेव्हा कळलं, की लग्नाचा पत्ता नसताना साडूंनी बायकोच्या बाळंतपणासाठी रजा मागितली होती. "अहो, मंजूर झालेला अर्ज व्हता त्यो," ते पुढं मला कळवळून सांगायचे, "मंजूर झालेल्यात चूक कशी असंल?"

ऐंशीचं दशक सरता सरता त्यांच्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला, आणि तो नेमका या माणसाच्या हाती पडला. साडू शेतकी खात्यात होते. कुणाचा ऊस आधी तोडायचा, याची पाळी लागवडीच्या तारखेवरून लागते. ती यादी आता मशीन काढणार होतं. साडू महिनाभर शिकून आले आणि येताना वाट वाकडी करून दुसऱ्या एका कारखान्याचा प्रोग्राम फ्लॉपीवर घेऊन आले. कारखान्याचं नाव बदललं, आत शिरायचा गुप्त शब्द नवा ठेवला, तो बायकोलासुद्धा सांगितला नाही. एका ओळीचा अर्थ मात्र त्यांना लागेना. मी विचारलं तर म्हणाले, "असंल कायतरी. तिथं चार हंगाम चाललीय, आपल्याला कशाला नडंल?"

पुढच्या साली पाऊस पडलाच नाही. विहिरींनी तळ गाठला आणि ऊस वाळायच्या आत तुटावा म्हणून जो तो पाळीकडं डोळे लावून बसला. मी साडूंच्या कचेरीत चहा घेत असताना शेवंताबाई आली. नळदुर्गच्या वाटेवर तिचा दीड एकर ऊस होता.

"माज्या मागनं लावलेल्यांचा ऊस तुटून गेला, साहेब. माजा उभ्यानं वाळाया लागलाय."

"मशीनला कुणी सोयरा न्हाय, मावशी. तारीख बघून नाव काढतंय ते."

बाईनं पदराची गाठ सोडली आणि नोंदणीची पावती टेबलावर ठेवली. साडूंनी पावती वाचली, पडदा वाचला, लागवडीची नोंदवही काढून ताडून पाहिली, आणि त्यांचा चेहराच उतरला. तिच्यापुढं तीसेक माणसं घुसली होती. सगळ्यांच्या लागवडीच्या तारखा बदलून आधीच्या घातलेल्या.

दोन दिवस साडू त्या प्रोग्रामला चिकटून बसले, तेव्हा सापडलं. ती न कळलेली ओळ म्हणजे मागचं दार होतं. गुप्त शब्द कितीही नवा ठेवा, पहिल्या कारखान्याचा जुना शब्दही मशीन मुकाट मान्य करायचं. आणि तिथून इकडं आलेल्या एका कारकुनाला तो शब्द पाठ होता.

मशीन बिघडलं होतं असं सांगून साडूंना सहज सुटता आलं असतं. ते सरळ संचालकांच्या बैठकीत गेले. "कारकून दारातनं शिरला," ते म्हणाले, "पर दार म्या बसवलं. न वाचता बसवलं." मला त्यांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तोडणीची टोळी शेवंताबाईच्या रानात गेली. तोवर उसाचं सरपण व्हायला लागलं होतं.

त्यानंतर साडू लग्नपत्रिकासुद्धा ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. पुढच्या हंगामाची यादी निघाली, त्यात शेवंताबाईचं नाव नव्हतं. साडूंनी अख्खा प्रोग्राम पुन्हा पिंजून काढला. चूक सापडेना, तेव्हा मला घेऊन ते तिच्या रानात गेले. उसाच्या जागी ज्वारी उभी होती.

"तुमची यादी बराबर हाय, साहेब," ती म्हणाली. "म्याच ऊस लावला न्हाय. पुन्यांदा लावाया बेण्यापुरताबी उरला न्हवता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. परतीच्या जीपमध्ये साडूंनी ती बरोबर निघालेली यादी मांडीवर पसरली आणि लोहारा गाव येईपर्यंत ओळीवर बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचत राहिले.